कॉर्सिका बेटावरील तंबू-निवास : नियम, स्थळे आणि त्यांमागील भूगोल

भूमध्य समुद्रातील बेटांच्या पर्यटनाचा अभ्यास करताना हॉटेले, बंदरे व विमानतळ ह्यांची गणती आवर्जून केली जाते; तंबू ठोकून राहणाऱ्या प्रवाशाचा उल्लेख मात्र बहुधा एखाद्या तळटीपेत आटोपतो. वास्तविक पाहता, एखाद्या समाजाने आपल्या भूमीच्या वापरासंबंधी काय ठरविले आहे हे जाणून घ्यावयाचे असेल, तर तंबूविषयीचे नियम हे फार बोलके साधन आहे. हॉटेल जेथे एकदा बांधले तेथेच राहते. तंबू कोठेही उभा राहू शकतो. त्यामुळे तो कोठे उभा राहू नये हे कायद्याला स्पष्ट शब्दांत सांगावे लागते, आणि ते सांगताना कोणती जमीन त्याला मोलाची वाटते व कोणत्या संकटाची त्याला धास्ती आहे, हेही उघड होते.

प्रस्तुत लेखात फ्रान्सच्या ताब्यातील कॉर्सिका बेटाचे उदाहरण घेऊन ह्या नियमांचा विचार करावयाचा आहे. तंबू-निवासाला फ्रेंच कायद्याने तत्त्वतः मोकळीक दिली आहे. कॉर्सिकात मात्र किनारा, रान आणि पर्वत ह्या तिन्ही पट्ट्यांत त्या मोकळिकीला इतके अपवाद जोडले गेले आहेत की, व्यवहारात प्रवाशाला नेमून दिलेल्या तळावरच जावे लागते. हे अपवाद कसे निर्माण झाले, त्यांतून कोणते पर्याय शिल्लक राहिले आणि नेमलेल्या तळावर राहणाऱ्या माणसाची सुरक्षितता कितपत साधली गेली, हे तीन प्रश्न आपल्यापुढे आहेत.

बेटाची घडण

कॉर्सिकाचे क्षेत्रफळ सुमारे ८,७०० चौरस किलोमीटर असून लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास आहे. मोंते चिंतो हे सर्वोच्च शिखर २,७०६ मीटर उंच आहे, आणि पश्चिमेकडील समुद्रापासून त्याचे अंतर जेमतेम २५ किलोमीटरांच्या घरात भरते. समुद्रातून एकाएकी वर आलेला डोंगर, असेच ह्या बेटाचे वर्णन करावे लागेल. पश्चिमेस ग्रॅनाइटचे कडे व खोल आखाते आहेत. पूर्वेस गाळाचे मैदान व लांबलचक वालुकामय किनारा आहे. मधल्या उतारांवर ‘माकी’ ह्या नावाने ओळखले जाणारे दाट, सुगंधी, सदाहरित झुडुपांचे रान पसरले आहे. उन्हाळा कोरडा असतो, आणि नेमक्या त्याच काळात ह्या रानातील तैलयुक्त पाने ज्वालाग्राही बनतात. प्रवाशांची गर्दीही त्याच महिन्यांत होते. कॉर्सिकातील बहुतेक नियमांचे मूळ ह्या योगायोगात आहे.

आज ज्या किनाऱ्यासाठी प्रवासी येथे येतात तो किनारा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बराचसा निर्जन होता. पूर्वेकडील मैदानात हिवतापाचा कायमचा वास असे. वस्ती डोंगरउतारावरील गावांत असे. मेंढपाळ हिवाळ्यात कळप घेऊन खाली उतरत व उन्हाळ्यात पुन्हा उंच कुरणांकडे परतत. दुसऱ्या महायुद्धात बेटावर तळ देऊन राहिलेल्या अमेरिकी सैन्याने १९४४ च्या सुमारास डीडीटीची फवारणी केली आणि त्यानंतर हिवताप हटत गेला. दुसरीकडे, फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली होती. १९५६ साली ती तीन आठवड्यांची झाली. रिकामा किनारा व रजा मिळालेला कामगारवर्ग ह्यांची गाठ पडली ती प्रथम तंबूतच. कॅल्वी येथे १९४९ साली भरलेल्या तंबूंच्या सुटी-शिबिराची कल्पना पाहून जेरार ब्लित्स ह्याने पुढच्याच वर्षी मायोर्का बेटावरील आल्कुदिया येथे तंबूंचे गाव वसविले व ‘क्लब मेडिटरेनियन’ ह्या संस्थेचा आरंभ केला. कॉर्सिकात तंबू हा हॉटेलाचा गरीब भाऊ म्हणून मागाहून आलेला नाही. आधुनिक पर्यटनाच्या अगदी प्रारंभापासून तो तेथे आहे.

कायद्याचे मूळ तत्त्व

फ्रान्सच्या नगररचना संहितेतील आरंभीचे कलम उदार आहे. सार्वजनिक रस्त्यांची हद्द सोडून अन्यत्र तंबू-निवास मोकळेपणाने करता येईल. मात्र ज्याच्याकडे त्या जमिनीचा उपभोग असेल त्याची संमती हवी आणि मालकाचा विरोध नसावा, असा त्याचा आशय आहे. उपभोगदार व मालक ह्यांचा येथे वेगळा निर्देश केला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कुळाने कसावयास घेतलेल्या शेतात तंबू लावावयाचा असेल तर कुळाची अनुमती लागते. परंतु मालकाने हरकत घेतल्यास ती अनुमती निष्फळ ठरते.

ह्या मोकळिकीला लगेचच पुढील कलमात चार ठळक अपवाद जोडले आहेत. समुद्राचा किनारा व ‘नोंदलेली’ निसर्गस्थळे हा पहिला अपवाद. २ मे १९३० च्या कायद्याने ज्यांना अधिक कडक संरक्षण मिळाले अशी ‘वर्गीकृत’ स्थळे हा दुसरा. ऐतिहासिक वास्तू व वारसास्थळे ह्यांचा परिसर हा तिसरा, आणि पिण्याचे पाणी जेथून उचलले जाते त्या ठिकाणापासून २०० मीटरांची त्रिज्या हा चौथा. ह्याशिवाय स्थानिक नगररचना आराखडा किंवा कम्यूनचा मेयर अन्य क्षेत्रांतही मनाई करू शकतो. अशी स्थानिक मनाई मेयरच्या कार्यालयात जाहीर झाली पाहिजे आणि त्या क्षेत्राच्या नेहमीच्या प्रवेशमार्गांवर तिचे फलक लागले पाहिजेत. एरवी ती प्रवाशावर बंधनकारक ठरत नाही. राष्ट्रीय कायद्यातील मनाई व स्थानिक मनाई ह्यांत हा महत्त्वाचा भेद आहे. फलक दिसला नाही ही सबब दुसऱ्या प्रकारात कदाचित चालेल. समुद्रकिनाऱ्यावर ती चालणार नाही.

किनाऱ्याचा पट्टा

कॉर्सिकाचा किनारा सुमारे १,००० किलोमीटर लांबीचा आहे, आणि पुळणीवर तंबू ठोकण्यास वरील कलमानेच बंदी आहे. तथापि त्याहून दूरगामी परिणाम ३ जानेवारी १९८६ च्या तटवर्ती कायद्याने घडविला. ह्या कायद्याप्रमाणे नागरी वस्तीबाहेर नवा तंबू-तळ उघडावयाचा झाल्यास नगररचना आराखड्यात त्यासाठी स्वतंत्र क्षेत्र आखलेले असले पाहिजे. आणि समुद्राच्या काठापासून १०० मीटरांच्या पट्ट्यात असा तळ कोणत्याही परिस्थितीत उघडता येत नाही. जमिनीचा मालक राजी असला तरी ह्यात फरक पडत नाही. मूळ कलमात जो प्रश्न मालक व प्रवासी ह्या दोघांपुरता होता तो येथे सर्व समाजाचा होतो.

काही ठिकाणी राज्यसंस्थेने जमीन विकत घेण्याचाच मार्ग पत्करला. १९७५ साली स्थापन झालेल्या तटसंरक्षण संस्थेने कॉर्सिकाच्या किनाऱ्याचा मोठा भाग संपादन केला असून उत्तरेकडील आग्रियातचे ओसाड रान हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. तेथे मोकळ्यावर मुक्काम करता येत नाही; परंतु किनाऱ्याने जाणाऱ्या जुन्या जकात-पहारेकऱ्यांच्या वाटेवर घिन्यू येथे शेतकरी व मेंढपाळ ह्यांची दगडी निवारागृहे दुरुस्त करून पादचाऱ्यांसाठी राखली आहेत. नवे बांधकाम न करता मुक्कामाची गरज भागविण्याचा हा मार्ग अभ्यासण्यासारखा आहे.

सर्वांत कडक नियम निसर्गराखीव क्षेत्रांत आढळतात. पश्चिमेकडील स्कांदोला हे क्षेत्र १९७५ साली राखीव झाले व १९८३ साली पोर्तोच्या आखातासह त्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशात करण्यात आला. दक्षिणेकडील लाव्हेत्सी बेटांना १९८२ साली राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. १९९९ पासून ती बोनिफाचो सामुद्रधुनीच्या विस्तृत राखीव क्षेत्रात मोडतात. दोन्ही ठिकाणी दिवसा होडीने जाऊन यावे, रात्रीचा मुक्काम करू नये, असा दंडक आहे.

रान आणि अग्नी

किनाऱ्यावरील नियम भूदृश्याच्या रक्षणासाठी आहेत. रानातील नियमांमागे आगीची भीती आहे. फ्रेंच वनसंहितेनुसार जंगल व झुडुपांच्या रानापासून २०० मीटरांच्या आत, जमिनीचा मालक वा त्याचे हक्कदार ह्यांखेरीज इतर कोणासही विस्तव पेटविता येत नाही. उन्हाळ्यात प्रीफेक्टच्या आदेशाने ही बंदी अधिक व्यापक व कडक होते. वाऱ्याचा जोर वाढला म्हणजे डोंगरातील कित्येक वाटा व वनक्षेत्रे त्या-त्या दिवसापुरती बंद करण्यात येतात.

ह्या बंधनाचा तंबू-निवासाच्या स्वरूपावर खोल परिणाम झाला आहे. शेकोटीभोवतीचा मुक्काम ही जी तंबूविषयीची रूढ कल्पना, तिला कॉर्सिकाच्या उन्हाळ्यात जागा नाही. स्वयंपाकासाठी तळावरील नेमलेली जागा किंवा आश्रयगृहातील गॅसची शेगडी वापरावी लागते. विमानाने येणाऱ्यास गॅसची नळकांडी बरोबर आणता येत नसल्यामुळे इंधन बेटावरच घ्यावे लागते. तळाच्या चालकावरही कर्तव्य सोपविलेले आहे. वनालगतच्या तळाभोवती ५० मीटरांपर्यंतची झुडुपे व वाळलेले गवत काढून जमीन साफ ठेवणे त्याला बंधनकारक आहे. माकीच्या रानात प्रत्येकाने हवे तेथे तंबू लावला, तर अशी सफाई प्रत्येक तंबूभोवती कोण करणार? तळ मोजके असावेत व प्रवासी तेथेच एकत्र यावेत, ह्या धोरणाचे हे समर्थन आहे.

पर्वताचा पट्टा

बेटाच्या कण्यावरून वायव्येकडील कालेन्झाना ते आग्नेयेकडील कोंका अशी सुमारे १८० किलोमीटरांची जी पायवाट जाते ती ‘जीआर २०’ ह्या नावाने सर्व युरोपात प्रख्यात आहे. बहुतेक लोक ती १५-१६ टप्प्यांत पुरी करतात. १९७२ साली स्थापन झालेल्या कॉर्सिका प्रादेशिक निसर्गोद्यानाने ह्या वाटेवर आश्रयगृहांची मालिका चालविली आहे. उद्यानाच्या हद्दीत मन मानेल तेथे तंबू लावण्यास मनाई असून आश्रयगृहाशेजारच्या नेमलेल्या जागेतच, शुल्क भरून, रात्र काढता येते. जागा आगाऊ राखून ठेवण्याची सोय आहे. पुष्कळ आश्रयगृहांजवळ उभारलेले तंबूही भाड्याने मिळतात.

येथे एका कायदेशीर बारकाव्याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधणे अवश्य वाटते. फ्रान्समधील राष्ट्रीय उद्यानास आपल्या गाभाक्षेत्रापुरते नियम करण्याचा अधिकार असतो. प्रादेशिक निसर्गोद्यानास तसा अधिकार नसतो. त्याची उभारणी गावे, प्रदेश व शासन ह्यांनी मान्य केलेल्या एका सनदेवर झालेली असते. पर्वतातील मनाईला जे बळ येते ते वर्गीकृत स्थळांचा कायदा, प्रीफेक्ट व मेयर ह्यांचे आदेश आणि जमीनमालक असलेली कम्यून ह्यांच्याकडून. प्रवाशाला एकच नियम दिसत असला तरी त्याच्यामागे असे अनेक अधिकार उभे असतात.

मनाईचे कारण उंच कुरणांच्या ठिकाणी स्पष्ट होते. १,७४३ मीटर उंचीवरील निनो सरोवराभोवती ‘पोत्झी’ म्हणून ओळखले जाणारे पाणथळ हिरवळीचे पट्टे आहेत. खाली पीटचा ओला थर, वर आखूड दाट गवत व मधून पाण्याची डबकी अशी त्यांची रचना असते. ही हिरवळ अत्यंत सावकाश वाढते. तंबूचा तळ, पेगांची भोके व सततची पावले ह्यांनी ती फाटली म्हणजे पाण्याचा निचरा बदलतो आणि खालचा थर वाळू लागतो. मऊ व सपाट असल्यामुळे तंबूसाठी हीच जागा सर्वांना पसंत पडते, आणि म्हणूनच ती वाचविण्यासाठी नियम करावा लागला.

उपलब्ध पर्याय

एवढे अपवाद वजा केल्यावर प्रवाशापुढे जे पर्याय उरतात ते पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिला पर्याय म्हणजे परवानाप्राप्त तंबू-तळ. २० हून अधिक व्यक्तींची किंवा सहाहून अधिक तंबू, गाड्या आदींची सोय करावयाची असेल तर तळासाठी विकास-परवाना घ्यावा लागतो. अशा तळांना एक ते पाच तारे देण्याची पद्धत आहे व ही श्रेणी पाच वर्षांपुरती असते. श्रेणी सोयींवरून ठरते. एकांत व निसर्गसान्निध्य ह्यांविषयी ती फारसे काही सांगत नाही. पूर्वेकडील मैदानात गिसोनाच्या व आलेरियाच्या परिसरात विस्तीर्ण तळ आढळतात. कॅल्वीची पाइनराई, पोर्तो, सागोन, प्रोप्रियानो, पोर्तो-व्हेकियो व बोनिफाचो ह्या पश्चिम व दक्षिण भागांत तळांची दाटी आहे. पुष्कळ तळ हिवाळ्यात बंद असतात.

दुसरा पर्याय शेतावरील किंवा लहान तळांचा. वरील मर्यादेच्या आतील जागा नेहमीसाठी प्रवाशांना द्यावयाची असल्यास परवान्याऐवजी पूर्वघोषणा पुरते. सोयी साध्या असतात. पण शेतकऱ्याला पूरक उत्पन्न मिळते व किनाऱ्यावरचा भार काही अंशी आत सरकतो.

तिसरा पर्याय डोंगरातील आश्रयगृहांशेजारच्या जागेचा. चौथा, ‘मारे आ मारे’ व ‘मारे ए मोंती’ ह्या कमी उंचीच्या पायवाटांवरील गावांतून असलेल्या पांथस्थगृहांचा. ह्या वाटा मुद्दाम गावांना जोडून आखल्या आहेत. प्रवासी तंबू न वापरता गावात राहावा व ओस पडत चाललेल्या डोंगरी गावांना आधार मिळावा, असा त्यांचा हेतू आहे. कोर्ते हे विद्यापीठाचे गाव बास्तिया ते आयाचो ह्या लोहमार्गावर असल्याने मोटारीवाचून येणाऱ्या अभ्यासकास डोंगरात शिरण्यासाठी ते सोयीचे ठाणे आहे.

निवासी मोटारींचा प्रश्न थोडा निराळा आहे. गाडी उभी करणे व गाडीत मुक्काम करणे ह्यांतील सीमारेषा पुसट असल्यामुळे किनाऱ्यावरील अनेक कम्यूननी रात्रीच्या थांब्यास मनाई केली आहे, आणि अशा प्रवाशासही शेवटी तळच गाठावा लागतो.

तंबूतील माणसाचे रक्षण

येथवर पाहिलेल्या नियमांचा रोख मुख्यतः माणसापासून भूमीचे रक्षण करण्याकडे आहे. भूमी, पाणी व वारा ह्यांपासून माणसाचे रक्षण हा विषय फ्रेंच कायद्यात ठळकपणे आला तो एका दुर्घटनेनंतर. १४ जुलै १९८७ रोजी आल्प्समधील ल ग्राँ-बोर्नाँ येथे ओढ्याला अकस्मात पूर येऊन तंबू-तळावरील २३ जण मृत्युमुखी पडले. तो तळ परवानाप्राप्त होता, ही त्यातील विचार करावयास लावणारी गोष्ट होय. पुढे ८ जानेवारी १९९३ चा कायदा व १३ जुलै १९९४ चा आदेश ह्यांनी, संकटप्रवण क्षेत्रातील तळांवर माहिती, इशारा व स्थलांतर ह्यांविषयीच्या लेखी योजना असणे बंधनकारक केले.

कॉर्सिकात ह्या व्यवस्थेची कसोटी १८ ऑगस्ट २०२२ रोजी लागली. त्या दिवशी सकाळी अतितीव्र वादळी पट्टा समुद्रावरून पश्चिम किनाऱ्यावर आदळला. मारिन्याना येथे वाऱ्याचा झोत ताशी २२० किलोमीटरांहून अधिक वेगाचा नोंदला गेला. वादळ बेटावर येऊन ठेपेपर्यंत उच्च पातळीचा इशारा देण्यात आला नव्हता. बेटावर पाच जणांचा मृत्यू झाला. सागोन येथील तळावर झाड कोसळून एक तेरा वर्षांची मुलगी दगावली, आणि कॅल्वी येथील तळावरही जीवितहानी झाली. त्यानंतर पुढील वादळाच्या शक्यतेमुळे प्रशासनाने हजारो तंबूवासीयांना पक्क्या इमारतींत हलविले.

ह्या घटनेने एक अवघड प्रश्न पुढे आणला आहे. भूमध्य प्रदेशातील उन्हात तळ झाडांच्या सावलीत असावा ही स्वाभाविक अपेक्षा असते, आणि किनाऱ्यामागील वृक्षराजीत तळ दडलेला असला म्हणजे भूदृश्यही बिघडत नाही. परंतु वादळात तीच झाडे तंबूवर पडतात. प्रवाशांना मोजक्या तळांवर एकत्र आणण्याचे धोरण आगीच्या दृष्टीने शहाणपणाचे आहे, कारण सफाई, पाणी व बाहेर पडण्याचा रस्ता ह्यांची तजवीज तेथे करता येते. मात्र अर्ध्या तासाच्या अवधीत येणाऱ्या वाऱ्यापुढे अनेक माणसे एकाच वेळी संकटात सापडतात. पर्वतातही असाच अनुभव आला आहे. १० जून २०१५ रोजी ‘सिर्क द ला सोलिट्यूड’ ह्या अवघड दरीत दरड कोसळून सात पदयात्री मरण पावले, आणि ‘जीआर २०’ची वाट तेथून वगळून दुसरीकडून नेण्यात आली. वाट हलविता आली; किनाऱ्यावरील तळ मात्र तटवर्ती कायदा व जमिनीचे भाव ह्यांमुळे सहजी हलविता येत नाही. तळावर धावत पोहोचता येईल एवढ्या अंतरावर पक्का निवारा असावा, झाडांची नियमित तपासणी व्हावी व इशारा तंबूपर्यंत काही मिनिटांत पोहोचावा, हेच व्यवहार्य उपाय उरतात.

उपसंहार

कॉर्सिकातील नियम एका ओळीत सांगावयाचे तर ‘नेमलेल्या तळाखेरीज तंबू लावू नये’ एवढेच सांगून भागेल, आणि प्रवाशाला ते पुरेसेही आहे. अभ्यासकाने मात्र प्रत्येक मनाईचे कारण वेगळे ओळखले पाहिजे. किनाऱ्यावरील मनाई सर्वांच्या मालकीच्या भूदृश्यासाठी आहे, रानातील आगीच्या भयाने आहे, आणि कुरणावरील मनाई हिरवळीच्या संथ वाढीमुळे आहे. कारणे निरनिराळी असल्यामुळे त्यांचे अधिकारी, त्यांचा कालावधी व त्यांचे अपवादही निरनिराळे आहेत.

ह्या विषयावर क्षेत्रकार्य करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने तळांच्या नकाशावर तीन आवरणे घालून पाहावीत : संरक्षित क्षेत्रे, आगीची जोखीम आणि वारा व पूर ह्यांची जोखीम. पहिल्या दोन आवरणांनी जी जागा मोकळी सोडली आहे ती तिसऱ्याच्या दृष्टीने कितपत निर्धोक आहे, हे प्रत्येक तळावर जाऊन तपासावयाचे आहे. २०२२ च्या वादळानंतर ह्या तपासणीस केवळ शास्त्रीय महत्त्व उरलेले नाही. दर उन्हाळ्यात त्या झाडांखाली झोपणाऱ्या कुटुंबांचा जीव तिच्यावर अवलंबून आहे.